तापल्यावर बंद पडणारी गाडी

सोलापुरातून पुणे रस्त्याला लागलं, की बाळे, केगाव, कोंडी अशी गावं एकेक करून मागे पडतात आणि पुढे मोहोळ तालुक्यात चिंचोळी एमआयडीसी येते. टॉवेल-चादरींपासून रसायनांपर्यंतचे कारखाने इथं आहेत. त्यांवर पोट असलेली माणसं सोलापुरातून, मोहोळातून आणि अधल्यामधल्या खेड्यांतून रोज ये-जा करतात, ती बहुतेक दुचाकीवर. पाळी सुटायच्या वेळी गेटबाहेरच्या गाड्यांकडे नीट पाहिलं, तर कोऱ्या गाड्यांच्या शेजारी मुरलेल्या गाड्याही पुष्कळ दिसतात. स्प्लेंडर, पॅशन, जुनी पल्सर, एखादी बॉक्सर, कुणी हौसेनं सांभाळलेली आरएक्स-१००. हिरो होंडाची सीडी-१०० आली १९८५ साली, स्प्लेंडर १९९४ मध्ये आणि पल्सर २००१ मध्ये. त्या काळच्या गाड्यांची धाकटी भावंडं आजही घर चालवतात. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीला इथं कुणी भंगार म्हणत नाही. ती चालू आहे, तोवर ती कामाची.

अशा गाडीचं एक दुखणं मालकाला आणि मेकॅनिकला सारखंच जेरीस आणतं. सकाळी घरासमोर गाडी पहिल्या किकला चालू होते. बाळे ओलांडेपर्यंत आवाज गोड असतो. मग कोंडीच्या आसपास ती मिस मारायला लागते आणि बंद पडते. दहा किका मारल्या तरी दाद देत नाही. वैतागून माणूस रस्त्याकडेला थांबतो, पंधरा मिनिटांनी सहज किक मारतो, तर काही झालंच नव्हतं अशा थाटात गाडी चालू. सुटीच्या दिवशी तो गॅरेजला जातो आणि अस्सल सोलापुरी सुरात सांगतो, ‘‘मिस्त्री, थंड असली की एकदम बेस. गरम झाली की बंद पडलालीय बघा.’’ मिस्त्री किक मारतो. गाडी अर्थातच चालू होते, कारण ती गॅरेजच्या दारात तासभर सावलीत उभी असते.

इथून पुढे जे होतं ते अनेकांच्या अंगवळणी पडलेलं आहे. आधी प्लग बदलला जातो. आठवड्यानं कार्ब्युरेटर साफ होतो. मग ठिणगीची सीडीआय डबी, मग कॉइल, मग ‘आता इंजिनच खोलावं लागेल’. एखाद वेळी बदललेला भाग नेमका दोषी निघतो आणि गाडी बरी होते, पण तोवर आधीच्या तीन भागांचे पैसे गेलेले असतात. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्यासाठी ही रक्कम लहान नसते. आणि यातला बराचसा खर्च टाळता येतो. तापल्यावर उमटणारा दोष तापलेल्या गाडीतच शोधायचा असतो, आणि गाडी बंद पडल्यावरची पहिली दोन-तीन मिनिटं ही त्या शोधाची सगळ्यात मोलाची वेळ असते. नेमक्या त्याच वेळी बहुतेक लोक नुसत्या किका मारत राहतात.

पेट्रोल इंजिनाला चालायला तीन गोष्टी लागतात: हवेत योग्य प्रमाणात मिसळलेलं पेट्रोल, वेळेवर पडणारी जोरदार ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत कॉम्प्रेशन. इंजिन तापल्यावर यांपैकी एक गोष्ट नाहीशी होते. कोणती, ते पुष्कळदा गाडी बंद कशी पडली यावरूनच कळतं. चालत्या गाडीची चावी फिरवावी तशी ती एका क्षणात गप्प झाली, तर संशय ठिणगीवर. आधी पिकअप गेला, मग आचके देत, चोक ओढल्यावर क्षणभर सावरत ती थांबली, तर पेट्रोल कमी पडतंय. वेगात काहीच त्रास नाही, पण सिग्नलला, गतिरोधकाला किंवा कारखान्याच्या गेटवर ॲक्सिलरेटर सोडला की बंद, असं असेल तर स्लो जेट, हवेची गळती किंवा टॅपेट पाहावे लागतात. किक नेहमीपेक्षा हलकी लागत असेल, तर कॉम्प्रेशन गेलंय. आणि किक खालीच जात नसेल, तर पुढचं काही करू नये. ऑइल संपून पिस्टन धरलेला असू शकतो, आणि तो जोर लावून सोडवण्याच्या नादात ब्लॉकही जातो.

सगळ्यात स्वस्त दोषापासून सुरुवात करणं शहाणपणाचं, आणि तो पेट्रोलच्या टाकीच्या झाकणात असतो. त्या झाकणाला एक बारीक भोक असतं. टाकीतलं पेट्रोल खाली उतरेल तेवढी हवा त्यातून आत यावी लागते. धुळीनं, पॉलिशनं किंवा बाजारातून आणलेल्या भलत्याच झाकणामुळे हे भोक बुजलं, की टाकीत हळूहळू निर्वात पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली यायचं थांबतं. पावसाळ्यात टाकीत पाणी जाऊ नये म्हणून झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधायची पद्धत आहे. तिनंही हेच होतं. टाकी फुल असेल तर वर हवेला जागा कमी उरते, त्यामुळे गाडी आणखी लवकर दम तोडते. म्हणून कधी कधी एक विचित्र तक्रार ऐकू येते, की पेट्रोल भरलं की गाडी त्रास देते आणि रिझर्व्हला आली की नीट चालते.

याची परीक्षा रस्त्यावरच होते. गाडी बंद पडली की लगेच झाकण उघडायचं. आत हवा ओढली गेल्याचा ‘फिस्स’ असा आवाज आला आणि अर्ध्या मिनिटात गाडी चालू झाली, तर चोर सापडला. मात्र ही परीक्षा थंड होण्याची वाट न पाहता करायला हवी. पंधरा मिनिटं थांबलं, की अर्धवट बुजलेल्या भोकातून हवा आपोआप आत जाते आणि पुरावा नाहीसा होतो. भोक साफ करायला एक बारीक तार पुरते.

झाकण ठीक असेल तर पेट्रोल पुढे कुठं अडतंय ते पाहायचं. थोडा हिशेब केला तर गंमत कळते. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी आणि लिटरला ६० किलोमीटर देणारी गाडी मिनिटाला जेमतेम १४ मिलिलिटर पेट्रोल पिते. म्हणजे तीन चमच्यांच्या आत. एवढी बारीक धार पुरते, म्हणूनच टाकीखालच्या कॉकमधली जाळी बरीचशी गंजानं भरली तरी गाडी घराजवळच्या फेऱ्या मुकाट्यानं मारते. सलग वीस मिनिटं पन्नासच्या वेगानं पळताना मात्र कार्ब्युरेटरच्या वाटीत जेवढं येतं त्यापेक्षा जास्त खर्च होऊ लागतं. वाटी रिकामी झाली की गाडी बंद. पाच-दहा मिनिटांत वाटी थेंबाथेंबानं भरते, गाडी चालू होते आणि किलोमीटरभर जाऊन पुन्हा थांबते. इंजिन गरम झालेलं असतं हे खरं, पण या दोषाचा उष्णतेशी काही संबंध नसतो. तो सलग चालण्याचा दोष असतो. चिंचोळीच्या रस्त्यावर दिसतो आणि शहरातल्या नवी पेठेत भाजी आणायला जाताना दिसत नाही, तो यामुळेच.

तपासायचं असेल तर इंजिन थंड असताना, आसपास विडी-काडी नसताना, कार्ब्युरेटरची नळी काढून बाटलीत सोडावी आणि मिनिटभर धार पाहावी. ती अखंड आणि शेवटपर्यंत सारखी हवी. आधी जोरात आणि मग थेंब थेंब अशी असेल, तर कॉक, जाळी, नळीतला फिल्टर किंवा पुन्हा झाकणच. बाटलीच्या तळाशी तांबूस गाळ किंवा पाण्याचा वेगळा थर दिसला, तर टाकीत गंज किंवा पाणी आहे. अशा वेळी कार्ब्युरेटर कितीही वेळा साफ करून घेतला, तरी महिनाभरात तक्रार परत येणार. आधी टाकी धुवायला हवी.

पेट्रोल कमी पडतं तसं जास्तही होतं, आणि ते ओळखायला थोडं डोकं लावावं लागतं. थंड इंजिनाला दाट मिश्रण लागतं. चोकची सोय त्यासाठीच असते. आता एअर फिल्टर धुळीनं बुजलेला असेल, चोकची केबल अडकून चोक अर्धा ओढलेला राहिला असेल किंवा फ्लोटची सुई झिजून वाटीत पेट्रोल वर चढत असेल, तर मिश्रण कायमच दाट राहतं. अशी गाडी सकाळी थंडीतही झटकन चालू होते. मालक खूश असतो. पण इंजिन तापल्यावर तेच मिश्रण त्याला झेपत नाही, सायलेन्सरमधून काळा धूर आणि पेट्रोलचा वास येतो आणि गाडी गुदमरते. प्लग काढला तर टोकावर कोरडी काळी काजळी दिसते. पांढराफटक प्लग याच्या उलट गोष्ट सांगतो. मिश्रण पातळ आहे, पेट्रोल कमी पडतंय किंवा कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधला रबर तडकून तिथून इंजिन हवा घेतंय. तापल्यावर रबर सैल पडतो, चीर उघडते. गाडी आयडलिंगला चालू ठेवून त्या सांध्यावर साबणाच्या पाण्याचे चार थेंब टाकले आणि आवाज बदलला, तर गळती तिथंच.

आता ठिणगी. तापून बंद पडणाऱ्या गाड्यांत सगळ्यात जास्त चुकीची खरेदी इथंच होते, म्हणून हा भाग सावकाश समजून घेण्यासारखा आहे.

हिरो होंडाच्या काळातल्या बहुतेक चार-स्ट्रोक गाड्यांत इंजिनाच्या डाव्या झाकणाआड मॅग्नेट फिरतं. त्याच्या आत वीज तयार करणारी कॉइल असते आणि शेजारी एक चिमुकली पल्सर कॉइल. बजाजच्या पल्सर गाडीशी तिचा नावापलीकडे काही संबंध नाही. पिस्टन वर आला की ही कॉइल एक इशारा देते. तो इशारा सीडीआय नावाच्या डबीला पोचतो, डबी साठवलेली वीज एकदम एचटी कॉइलमध्ये सोडते आणि तिथून हजारो व्होल्टचा दाब प्लगच्या टोकाशी जातो. बऱ्याच जुन्या गाड्यांत ही सगळी साखळी बॅटरीवाचून चालते. तेव्हा ‘बॅटरी उतरलीय, म्हणून गरम झाल्यावर बंद पडते’ हे निदान आधी आपल्या गाडीचं वायरिंग पाहूनच मान्य करावं.

या साखळीतल्या प्रत्येक कॉइलमध्ये केसासारखी बारीक तांब्याची तार शेकडो वेढे घालून बसवलेली असते आणि तारेवर रोगणाचा पातळ थर असतो. वर्षानुवर्षं तापून-निवून तो थर ठिसूळ होतो, तारेला कुठंतरी न दिसणारी चीर पडते किंवा डाख सुटतो. थंड असताना चिरेची दोन टोकं एकमेकांना टेकलेली असतात. इंजिन तापलं की धातू प्रसरण पावतो, टोकं दूर होतात आणि वीज तुटते. निवल्यावर पुन्हा जुळतात. सीडीआयच्या आतल्या भागांचंही तसंच. म्हणून गाडी बंद पडायची आणि चालू व्हायची वेळ इतकी ठरलेली असते, की मालक छातीठोकपणे सांगतो, ‘केगाव गेलं की बंद पडते.’

मोटारसायकलच नव्हे, मोठमोठ्या मोटारींनाही हे चुकलेलं नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीनं १९८३ पासून अनेक मॉडेल्समध्ये इग्निशनचा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे इंजिनाच्या धगीतच बसवला होता. गाड्या तापल्यावर अचानक बंद पडत आणि निवल्यावर चालू होत. वर्कशॉपमध्ये नेईपर्यंत दोष गायब होत असल्यानं तो सापडत नसे. प्रकरण कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात गेलं. २००० साली न्यायाधीशांनी कंपनीच्या विरोधात निकाल दिला आणि २००१ मध्ये कंपनीनं ग्राहकांशी तडजोड केली. आपल्या गाड्या सुरक्षित आहेत, हीच कंपनीची भूमिका होती. चिंचोळीच्या रस्त्यावर कपाळावरचा घाम पुसत उभ्या असलेल्या माणसाला हे ठाऊक असायचं कारण नाही, पण त्याचं कोडं आणि लाखो अमेरिकी ग्राहकांचं कोडं एकच होतं.

ठिणगी तपासायला जवळ एक चालू प्लग आणि प्लगपाना असावा. दोन्ही सीटखाली मावतात. गाडी बंद पडली, की प्लगवरची टोपी काढून ती या जादा प्लगवर बसवायची, त्या प्लगचा धातूचा भाग इंजिनाला घट्ट टेकवायचा आणि इग्निशन चालू ठेवून किक मारायची. इंजिनातला प्लग जागेवरच राहू द्यावा, म्हणजे भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत नाही. टाकीचं झाकण लावलेलं असावं आणि प्लग हातानं न धरता रबरी मुठीच्या पक्कडीत धरावा, कारण झटका जबर बसतो. निळसर, चटचट आवाज करणारी ठिणगी पडली तर साखळी बहुधा ठीक. पिवळसर, मरतुकडी ठिणगी म्हणजे काहीतरी दुबळं झालंय. काहीच नाही, तर दोष सापडला नाही तरी त्याची वस्ती सापडली. एक पथ्य मात्र पाळावं. प्लग इंजिनाला न टेकवता किका मारू नयेत. विजेला वाट न मिळाल्यानं चांगली कॉइल आणि सीडीआयही त्यात जाऊ शकतात. आणखी एक लक्षात ठेवायला हवं. उघड्या हवेत ठिणगी सहज पडते, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली तेवढंच अंतर ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे बाहेर ठिणगी दिसली म्हणजे आतही पडतेच, असं नाही.

नवा प्लग घालूनही ठिणगी नसेल, तर आधी फुकटातले भाग पाहावेत. प्लगची टोपी उपटून वायरीचं टोक काळं-हिरवं पडलंय का, किल स्विचच्या वायरी हँडल वळवताना ताणल्या जातात का, कॉइलचा अर्थिंगचा नट गंजलाय का. टोपीच्या आत बहुधा पाच हजार ओहमच्या आसपासचा एक रोध असतो. तो जळून निकामी झाल्याची उदाहरणं थोडीथोडकी नाहीत, आणि टोपी हा साखळीतला सगळ्यात स्वस्त भाग आहे.

त्यानंतर मल्टिमीटर. इथं बऱ्याच गॅरेजांत एक घोटाळा होतो. कॉइलचे ओहम मोजतात, पण थंड असताना. आकडा बरोबर येतो आणि कॉइल निर्दोष सुटते. मोजणी दोनदा हवी: एकदा थंड, एकदा गाडी बंद पडल्या पडल्या. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. त्यामुळे २५ अंशांना २०० ओहम दाखवणारी कॉइल १०० अंशांना २५८ च्या आसपास दाखवणारच. एवढी वाढ पाहून घाबरून कॉइल बदलू नये. पण गरम असताना मीटर एकदम अनंत दाखवत असेल किंवा आकडा वर-खाली नाचत असेल, तर वेढा तुटलाय. टाकीखालच्या एचटी कॉइलबाबत जुनी मंडळी आणखी एक गोष्ट करतात. इग्निशन बंद करून तिच्यावर ओलं फडकं दोन-चार मिनिटं ठेवतात आणि मग ते काढून पुन्हा ठिणगी पाहतात. तेवढ्यानं ठिणगी परतली तर कॉइल दोषी. सीडीआय मल्टिमीटरनं खात्रीनं तपासता येत नाही. त्यासाठी त्याच मॉडेलची चालू डबी लावून तोच रस्ता, तेवढंच अंतर गाडी पळवून पाहणं हाच भरवशाचा उपाय. ज्या मेकॅनिकच्या फळीवर अशी एक तपासायची डबी ठेवलेली असते, त्याच्याकडे गाडी न्यावी.

राजदूत, येझदी किंवा जुनी बुलेट असेल तर सीडीआयच्या जागी पॉइंट आणि कंडेन्सर असतात. तापल्यावर कंडेन्सर गळायला लागतो आणि पॉइंटच्या टोकांवर पिवळ्या ठिणग्या उडतात. झाकण काढून पाहिल्यावर त्या डोळ्यांना दिसतात. नव्या कंडेन्सरनं हा प्रश्न बहुधा मिटतो.

तिसरी गोष्ट कॉम्प्रेशनची. तिच्याबद्दल लोकांमध्ये एक पक्का गैरसमज आहे. हेडमधून टिकटिक ऐकू आली, की मालक अस्वस्थ होतो आणि मेकॅनिकला सांगतो, ‘टॅपेट टाईट करा, आवाज नको.’ मेकॅनिकही गिऱ्हाईक खूश ठेवतो. पण टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये मुद्दाम ठेवलेली फट असते, साधारण मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. ती लांबी सामावून घ्यायला ही फट. फटच नसेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह आपल्या जागेवर पूर्ण बसत नाही, दाब निसटतो, किक हलकी लागते, आयडलिंग ढासळतं आणि गाडी बंद पडते. निवली की दांडी आखडते, व्हॉल्व्ह पुन्हा बसतो आणि गाडी चालू. शिवाय वर्षं उलटतात तसा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत खोल रुतत जातो आणि कुणी हात न लावताही फट कमी होते. म्हणजे जुनं इंजिन आपोआप शांत झालं, तर ते कौतुकाचं लक्षण असेलच असं नाही.

फट तपासायची ती रात्रभर थंड झालेल्या इंजिनात. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण झाकणावरच्या खुणेशी जुळवायची आणि दोन्ही टॅपेट किंचित हलतात ना ते पाहायचं, कारण खूण जुळूनही पिस्टन भलत्या फेरीत असू शकतो. मग फीलर गेजची कंपनीनं सांगितलेल्या जाडीची पात टॅपेटखाली सरकवायची. ती अडकली तर फट कमी, मोकळी सरकली तर जास्त. बोटांना हलकासा चिकट ओढा जाणवला, की बरोबर. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर पात पुन्हा घालून पाहायचीच. हे काम ‘अंदाजानं’ करणारे हात पुष्कळ आहेत. त्यांतले काही खरोखर तयारीचे असतात, तरी पात मागावी. ती फारशी महाग नसते आणि वाद उरत नाही.

टू-स्ट्रोक गाड्यांना टॅपेट नसतात. तिथं क्रँकचं ऑइल सील, सायलेन्सरमध्ये साचलेला कार्बन आणि झिजलेल्या रिंगा पाहाव्या लागतात. सील कडक झालं, की इंजिन तिथून हवा ओढतं, तापल्यावर आरपीएम आपोआप चढतो आणि मग ते बंद पडतं. आरएक्स-१०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. तेव्हा ज्या गाडीचं इंजिन एकदाही खोललेलं नाही, तिचं सील आता कसं असेल याचा अंदाज बांधता येतो.

या सगळ्याला सोलापूरचा उन्हाळा हातभार लावतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांपर्यंत सहज जातो. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच वाफ व्हायला लागतात, म्हणजे भर दुपारी कार्ब्युरेटरभोवतीची हवाच त्या मर्यादेच्या पुढे असते. चालत्या गाडीला वारा लागत असतो. थांबली, की हेडची सगळी धग वर चढते आणि वाटीतलं पेट्रोल वाफाळतं. म्हणून उन्हाळ्यात गाडी चालताना बंद पडत नाही, पण चहाला थांबून परत निघताना चालू होत नाही, असंही घडतं. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून, चोक न ओढता चार-सहा किका माराव्यात. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतणारेही दिसतात. ते कृपा करून करू नये. हेडला बाक येतो किंवा तडा जातो, आणि वीस रुपयांच्या दुखण्याचं हजारोंचं होतं.

यात इथेनॉलची भर पडली आहे. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरचं नाव येतं, आणि उसाच्या मळीतून, रसातून निघालेलं इथेनॉल आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये असतं. देशभर सरासरी १० टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ मध्ये गाठला गेला, तर २० टक्क्यांचं ई-२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर यायला लागलं. शेतकऱ्याच्या उसाला यातून आधार मिळतो, ही मोलाची गोष्ट आहे. पण १९९८ किंवा २००५ ची गाडी या इंधनासाठी बांधलेली नव्हती, हेही तितकंच खरं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे त्याच जेटमधून आलेलं मिश्रण पूर्वीपेक्षा पातळ पडतं. आधीच पातळ चालणाऱ्या गाडीत ही भर जाणवते. जुने रबरी भाग त्यात फुगू किंवा तडकू शकतात. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं, की दोघं मिळून टाकीच्या तळाशी वेगळे होतात, नेमके जिथून कॉक पेट्रोल घेतो तिथं. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे जास्त होतं. उपाय अवघड नाहीत: नळ्या, ओ-रिंग आणि सुई वेळेवर बदलणं, गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर वाटीतलं पेट्रोल काढून टाकणं, आणि एअर स्क्रूची सेटिंग इंजिन पूर्ण तापल्यावर करून घेणं.

मेकॅनिककडे जाताना मालकानं चार गोष्टी सांगितल्या, तरी त्याचं निम्मं काम हलकं होतं. घरापासून किती अंतरावर बंद पडते, आचके देत की एकदम, झाकण उघडल्यावर फरक पडला का, आणि किती मिनिटांनी परत चालू झाली. शिवाय मागच्या महिन्यात गाडीला काय काय केलं, हेही. कितीतरी गाड्यांचा त्रास टॅपेट सेटिंगनंतर, टाकीचं कव्हर बदलल्यावर किंवा रंगकामाहून आल्यावर सुरू झालेला असतो, आणि मालकाला ते सांगायचं सुचत नाही. गाडी सकाळी ठेवून संध्याकाळी न्यायला येण्यापेक्षा मेकॅनिकला मागे बसवून कोंडीपर्यंत एक चक्कर मारावी. मल्टिमीटर, प्लगपाना आणि जादा प्लग खिशात ठेवावा. गाडी बंद पडली, की ती महामार्गाच्या पट्ट्यातून पूर्ण बाहेर, डाव्या कडेला घ्यावी, कारण त्या रस्त्यावर मागून येणारे ट्रक वेगात असतात. मग आधी झाकण, मग ठिणगी, मग किकचा जोर, या क्रमानं पाहावं. तीन मिनिटांत एवढं होतं.

भाग बदलायचाच ठरला, तर शक्यतो कंपनीचा घ्यावा आणि जुना परत मागून घ्यावा. सीडीआय आणि कॉइलच्या नकला बाजारात भरपूर आहेत, आणि नकली डबी थंड असताना अस्सल डबीइतकीच छान चालते. नवा भाग लावल्यावर गॅरेजच्या दारात दहा मिनिटं आयडलिंगला ठेवलेली गाडी काहीच सिद्ध करत नाही. तिला दुपारच्या उन्हात चिंचोळीपर्यंत आणि परत, एका दमात पळवायचं, आणि हिशेब त्यानंतर चुकता करायचा.